परमुलखातील म्हातारपण

म्हातारपणाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्याचे अलीकडे दोन ठरीव साचे झाले आहेत. एकात आईबाप रडत असतात. दुसऱ्यात ते मिरवत असतात. पहिल्या साच्यातला मुलगा परदेशी जाऊन आईबापांस विसरलेला असतो आणि लेखक त्याला पितृऋणाची आठवण देऊन डोळे पुसतो. दुसऱ्या साच्यातला मुलगा गुणी असतो. तो सेवानिवृत्त वडिलांना आणि आईला न्यू जर्सीस किंवा टोरांटोस घेऊन जातो, बर्फात उभे करून त्यांचे छायाचित्र काढतो, आणि ते पाहून गावातली माणसे 'पांग फेडले हो!' म्हणून मान डोलावतात. या दोन्ही प्रकारच्या लेखकांवर माझा आरोप एकच आहे. परक्या देशात सत्तर वर्षांच्या माणसाला रात्री दोन वाजता दम लागला, तर पुढे काय होते, हा प्रश्न यांपैकी कोणीही विचारलेला नाही.

प्रेम आहे की नाही, हा या विषयातला दुय्यम प्रश्न होय. बहुतेक घरांत ते असते. मुख्य प्रश्न तरतुदीचा आहे, आणि तरतूद हा शब्द उच्चारला की आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला एकाएकी संकोच वाटू लागतो. ज्या समाजात पत्रिका, नाडी, पगार आणि घराचा उतारा पाहिल्याखेरीज लग्नाची सुपारी फुटत नाही, तोच समाज मधुमेह आणि रक्तदाब घेऊन फिरणाऱ्या वृद्धाला विमानात बसविताना विम्याच्या कागदाचे दुसरे पानसुद्धा उलटून पाहत नाही! याला श्रद्धा म्हणता येणार नाही. हे निव्वळ भाबडेपण आहे, आणि त्याची किंमत सर्वांत अशक्त माणूस भरतो.

टेंभुर्णीसारख्या गावी बसून हे लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. पण हे दुखणे आता मुंबई-पुण्याचे राहिलेले नाही. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे, माढा तालुक्यातले हे गाव वाटांचे गाव आहे. येथून एक वाट पंढरपुरास जाते, एक अकलुजास, एक करमाळ्यावरून नगरास, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, आणि एक कुर्डुवाडीवरून बार्शीस. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, ऊस आला, कारखाने आले. उसाच्या पैशावर मुले पुण्यास जाऊन अभियंते झाली, आणि पुण्याहून पुढे कोठे गेली हे आता सर्वांस ठाऊक आहे. मुलांमागून आईबापांच्या जाण्याचे दिवस आले आहेत. म्हणून हा विचार येथेच करावयास हवा.

पहिला भ्रम असा की, 'तिकडे औषधोपचार उत्तम, म्हणून तिकडे म्हातारपण सुखाचे.' या वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. परंतु वैद्यकविद्या उत्तम असणे ही एक गोष्ट, आणि तिच्यावर आपला हक्क असणे ही दुसरी. उजनीत पाणी आहे म्हणून ते प्रत्येक शेतात पोहोचत नाही; त्याला कालवा लागतो, चारी लागते, पाळी लागते. हे माढ्याच्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. पदवीधरास मात्र सांगावे लागते, कारण तो धरणाची उंची पाहून समाधान पावतो.

अमेरिकेचेच उदाहरण घ्या. तेथे पासष्टी उलटलेल्यांसाठी 'मेडिकेअर' नावाची सरकारी विमाव्यवस्था १९६५ सालच्या कायद्याने सुरू झाली. आपल्या लोकांचा समज असा की, पासष्ट वर्षे झाली आणि मुलगा तेथला नागरिक असला म्हणजे काम झाले. वस्तुतः कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्या परदेशी आईबापांना, तेथे सलग पाच वर्षे राहिल्यावाचून, या व्यवस्थेचे दारही ठोठावता येत नाही. पाच वर्षांनंतरही दरमहा हप्ता भरावा लागतो. रुग्णालयखर्चाचा भाग हप्त्यावाचून मिळावयाचा, तर त्या माणसाने किंवा त्याच्या जोडीदाराने तेथे चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, कर भरून नोकरी केलेली असावी लागते. जन्मभर माध्यमिक शाळेत भूगोल शिकविलेल्या माणसाने त्या तिमाह्या कोठून आणाव्यात? मधल्या पाच वर्षांत परवानाधारकास खुल्या बाजारातला विमा घेता येतो आणि जुना आजार दाखवून तो नाकारता येत नाही, ही सोय खरी. पण ती महाग पडते, ठराविक मुदतीत घ्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे ती आहे हेच पुष्कळांच्या गावी नसते. जे केवळ पाहुणे म्हणून सहा महिन्यांसाठी जातात, त्यांना तर यांतले काहीच नाही.

येथे कोणी म्हणेल की, अत्यवस्थ माणसाला तेथले रुग्णालय दारातून परत पाठवीत नाही. बरोबर आहे. आणीबाणीच्या रुग्णास पैशाची चौकशी न करता तपासून त्याची प्रकृती स्थिर केली पाहिजे, असा १९८६ सालचा कायदा तेथे आहे. पण तपासण्याची सक्ती करणारा तो कायदा बिल माफ करीत नाही. बिल मागाहून घरी येते, आणि ज्याच्या घरी ते येते त्याच्याच घरी आईबाप राहत असतात. छातीत कळ आली असता, मुलास खर्चात पाडू नये म्हणून दोन दिवस 'पित्त झाले आहे' असे सांगणारी माणसे मला ठाऊक आहेत. जगातल्या उत्तमातल्या उत्तम हृदयवैद्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर ती सुंठ-साखर खात बसली होती!

इतर देशांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ब्रिटनने जुलै २०१२ मध्ये आपले नियम बदलले. आता आईबापांना तेथे कायम राहावयास न्यावयाचे, तर वार्धक्यामुळे, आजाराने किंवा अपंगत्वामुळे त्यांना दीर्घकाळ दुसऱ्याच्या हातची शुश्रूषा लागते, आणि मुलाने पैसा पुरविला तरी ती मायदेशी मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे हिंडत्याफिरत्या आईस प्रवेश नाही, आणि अंथरुणास खिळलेल्या आईस प्रवेश मिळाला तरी विमानात चढविणे कठीण. पाहुणा म्हणून गेलेल्यास अपघातविभागात तपासणी फुकट मिळते. पण रुग्णालयात दाखल झाला की त्याच्याकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. ऑस्ट्रेलियात मोठे शुल्क भरू न शकणाऱ्या आईबापांच्या अर्जास लागणारा अवकाश तेथले सरकारच तीस वर्षांच्या आसपास सांगते. पासष्टाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याने पंचाण्णवाव्या वर्षी सामान बांधावे. कॅनडा त्यातल्या त्यात उदार. २०११ सालापासून तेथे आईबाप व आजीआजोबांसाठी निराळा व्हिसा आहे आणि २०२२ पासून एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण किमान एक लक्ष कॅनडियन डॉलरांचा खाजगी विमा दाखविल्याशिवाय तो मिळत नाही. त्या राष्ट्रांवर माझा राग नाही. ज्याने जन्मभर कर भरला नाही, त्याच्या म्हातारपणाचा भार उचलताना प्रत्येक राष्ट्र हिशेब करणारच. माझा राग आपल्यावर आहे. कारण सगळे जग हिशेब करीत असता आपण तेवढे गहिवरून बसलो आहोत.

दुसरा भ्रम विम्याचा. 'विमा काढला आहे' हे वाक्य मुलगा दूरध्वनीवर उच्चारतो आणि येथे आईबाप निर्धास्त होतात. पाहुण्यांसाठी निघणाऱ्या स्वस्त विम्यांत बहुधा एक कलम असते: पूर्वीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळणार नाही; किंवा अशा आजाराचा अकस्मात झटका आला तरच, तोही ठराविक वयापर्यंत आणि ठराविक रकमेपर्यंत. आता मी विचारतो, सत्तरीस पोहोचलेल्या माणसाच्या शरीरात 'पूर्वीचा' नसलेला आजार उरतो तरी कोणता? ज्या कारणाने त्याला दवाखान्यात जावे लागणार, तेवढेच वगळून उरलेल्या सर्व कारणांचा विमा आपण घेतो आणि पावती देवाजवळ ठेवतो.

यानंतर येतात त्या बारीकसारीक गोष्टी. सुशिक्षितांना त्या क्षुल्लक वाटतात, पण म्हाताऱ्याचा दिवस त्यांचाच बनलेला असतो. येथली औषधाची चिठ्ठी अमेरिकेतला औषधविक्रेता ग्राह्य धरीत नाही. आपण गोळीला व्यापारी नावाने ओळखतो आणि ते नाव तेथे कोणी ऐकलेले नसते. मूळ औषधाचे नाव सांगावे, तर तेही बदललेले: आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन होते, आणि दमेकऱ्याचे सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. दम लागलेल्या माणसाने हा शब्दकोश पाठ करावा काय? रक्तातली साखर आपण ज्या मापात मोजतो, ते ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात चालत नाही. आपले १८० ते तेथले १०. आपल्या आकड्यास अठराने भागावे म्हणजे तेथला आकडा निघतो. हे ठाऊक नसलेला वृद्ध यंत्रावर १० पाहून साखर उतरली म्हणून घाबरतो, आणि साखर चढलेली असताना वर आणखी साखर खातो. संयुक्त अरब अमिरातींत कोडीन असलेले खोकल्याचे औषध पूर्वपरवानगीवाचून नेणे हा गुन्हा ठरू शकतो. या गोष्टी एका पोस्टकार्डावर मावतील. पण लोणच्याच्या बरण्या किती घट्ट बांधाव्यात यावर आपल्याकडे जेवढी चर्चा होते, तिच्या दहाव्या हिश्शानेही औषधांच्या पिशवीची होत नाही.

भाषेचेही तेच. आजी वैद्यापुढे बसते आणि दुभाषा म्हणून बारा वर्षांचा नातू उभा राहतो. आपल्या शरीराच्या ज्या तक्रारी तिने लेकीलाही चाचरत सांगितल्या असत्या, त्या ती नातवापुढे सांगत नाही. आणि वैद्य 'काही विशेष नाही' असे लिहितो. अमेरिकेच्या २०१० सालच्या आरोग्यविषयक कायद्यान्वये सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा विनामूल्य पुरवावयाचा असतो आणि निकडीखेरीज अल्पवयीन मुलाकडून ते काम करून घ्यावयाचे नसते. हा हक्क मागितला पाहिजे. पण आपल्या मुलांना तो मागण्याची लाज वाटते. 'आमच्या घरी सर्वांना इंग्रजी येते' हा अभिमान आईच्या प्रकृतीपेक्षा मोठा ठरतो.

तिसरा भ्रम असा की, एकदा गेले म्हणजे येथले पाश सुटले. पाश सुटत नाहीत. ते केवळ नजरेआड होतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्यास दरवर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांस तो नोव्हेंबरात. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशाने आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही देता येतो. परदेशात आपल्या वकिलातीतही त्याची सोय आहे. तरी दाखला राहून जातो, वेतन थांबते, आणि कोषागाराच्या दृष्टीने एक जिवंत माणूस कॅलिफोर्नियात नातवंडांना खेळवीत असता मेलेला असतो. कायम वास्तव्यास गेलेल्याचे येथले बचतखाते परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. अमेरिकेचा कायम परवाना घेतलेल्यास येथले निवृत्तिवेतन आणि ठेवींवरचे व्याज तेथल्या करपत्रकात दाखवावे लागते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले, हे चांगले झाले. पण ते कार्ड समुद्र ओलांडीत नाही. आणि सर्वांत मोठा अविचार म्हणजे 'आता कशाला?' म्हणून येथील खाजगी विम्याचा हप्ता बंद करणे आणि घर विकणे. परत येण्याची पाळी आल्यास नवा विमा जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतो, आणि विकलेले घर तर कधीच परत मिळत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला असा: 'मग काय मुलांनी आईबापांस येथेच टाकावे?' मी तसे कोठे म्हटले? न्यावे, जरूर न्यावे. पण नेण्यापूर्वी कागद वाचावा, प्रकृती तपासून घ्यावी, सहा महिने राहून पाहावे, आणि परतीचे दार उघडे ठेवावे. ज्या घरात परत येता येते त्या घरातून बाहेर पडणे हा प्रवास होय. एरवी ती हद्दपारी. दुसरा आक्षेप: 'घरच्या माणसांत लेखी कशाला?' घरच्या माणसांतच लेखी पाहिजे, कारण परक्यावर फिर्याद करता येते. आईबापांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकासही तो कायदा लागू आहे. पण ज्या मुलाने परकीय नागरिकत्व घेतले, तो त्या शब्दांतून निसटतो. आणि जो निसटत नाही, त्याच्यावर सातासमुद्रांपलीकडे हुकूम बजावणार कोण? तिसरा आक्षेप पैसेवाल्यांचा: 'आम्हास खर्चाची पर्वा नाही.' आनंद आहे. पण नियम वाचण्याचे काम पैसा करीत नाही, आणि मूकपणे दुखणे सोसणाऱ्या आईचे तोंड पैशाने उघडत नाही.

परमुलखात राहणाऱ्याने आपल्या प्रकृतीची काळजी कशी घ्यावी, याचा धडा आपणास इंग्रजाने दिला होता. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने १८२९ साली सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरचा डोंगर मिळविला, तो आपल्या आजारी माणसांना थंड हवेत ठेवावयास. तो आपला शत्रू होता. पण परक्या मुलखात म्हातारपण आणि दुखणे येणार, हे त्याने आधी गृहीत धरले आणि मग बिऱ्हाड मांडले. आपण त्याची भाषा शिकलो, त्याचा पोशाख उचलला, एवढी एक गोष्ट मात्र उचलली नाही. आपल्या सरकारनेही नाही. बेल्जियम, जर्मनी, कॅनडा इत्यादी देशांशी आपले सामाजिक सुरक्षेचे करार झाले आहेत. ते नोकरी करणाऱ्यांच्या वर्गणीचे आणि निवृत्तिवेतनाचे आहेत. त्या नोकरदारांच्या आईबापांच्या औषधपाण्याची त्यांत तरतूद नाही, आणि ती असावी अशी मागणी करण्याचे आम्हा लेखणीबहाद्दरांस सुचलेले नाही.

शेवटी मूळ प्रश्न उरतोच: ही माणसे जातात का? नातवंडांच्या ओढीने जातात, हे खरे. पण पुष्कळदा भीतीने जातात, आणि ही भीती मुलांइतकीच त्यांचीही असते. आमच्या गावाहून सोलापूर ऐंशी-नव्वद किलोमीटर, पुणे त्याच्या जवळजवळ दुप्पट. रात्री छातीत दुखू लागले, तर १०८ क्रमांकाची गाडी येईपर्यंत घरातली माणसे ती सोलापूर, बार्शी, अकलूज, पुणे यांपैकी कोणत्या दिशेस वळवावी, याचा खल करीत बसतात. वाटांच्या गावाला वाटांचे हे दारिद्र्य! आणि आम्ही व्याख्याने देतो कशावर? मुलांच्या कृतघ्नतेवर!

हे अटळ आहे असे कोणी म्हणू नये. मिरजेस १८९४ साली डॉ. वॉन्लेस नावाच्या परदेशी माणसाने रुग्णालय उभारले आणि त्या गावाची ओळखच बदलली. बार्शी तालुक्याचेच गाव. तेथे कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी चालू झाली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि परक्यांची शुश्रूषा करता करता १९४२ साली तेथेच वारले. ज्या जिल्ह्याच्या वाट्यास अशी माणसे आली, त्याने आपल्या वृद्धांसाठी एक चांगली खाट, एक जागा वैद्य आणि शेजारून रोज डोकावणारे एक माणूस एवढेही करू नये?

परदेशी गेलेल्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे. आईबापांस नेणार असाल, तर तिकिटाआधी विम्याचे कलम वाचा, औषधांची मूळ नावे लिहून घ्या, येथले घर आणि विमा राखा. नेणार नसाल, तर त्या तिकिटाचे पैसे गावच्या दवाखान्यात घाला. तेवढ्याने तुमच्या आईबरोबर शेजारच्या चार आयाही जगतील. आणि येथे राहिलेल्या आम्हा शहाण्यांस सांगणे असे की, ज्या गावात म्हातारे होण्याची सोय नाही, त्या गावाने मुले निघून गेली म्हणून रडू नये.